टेपवरची हिरवी चिंधी

चाचा, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहिण्याचा मान माझा नाही. तुमच्याकडे तीस-तीस वर्षं कपडे शिवून घेणारी माणसं आहेत. चाची आहेत, शबानाताई आहेत. त्यांना तुम्ही जितके माहीत होतात तितके मला कुठून असणार? मी तीन वर्षांचं गिऱ्हाईक. आणि मला लिहिता येतं असंही नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की जो बँकेचा अर्ज भरतो तो काहीही लिहू शकतो. पण रविवारी सगळे तुमच्या दुकानाच्या पायरीवर जमले होते आणि निल्या म्हणाला, "चाचांशी सगळ्यात जास्त भांडलं कोण? त्याने लिहायचं." कोणी हात वर केला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

म्हणून लिहितोय. चुकलं तर उसवून टाका.

सगळ्यात आधी हे सांगतो. आपण जिंकलो, चाचा. फुटबॉलचा युरोपचा चषक आपल्या क्लबाचा आहे. दोन-एक. दोन्ही गोल शेवटच्या वीस मिनिटांत, आणि दुसरा कोणी मारला ते पुढे येईलच. हे सगळं मला माहीत होतं. तुमच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसलो होतो तेव्हाही माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्यासमोर स्कोअर शून्य-एक होता. आपण हरत होतो. पाच आठवडे मी हे कोणाजवळ बोललो नाही.

नियम तुमचाच होता. तिकडच्या मॅचेस आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात. तुम्ही म्हणायचात, "रात्र जागली की सकाळी सुईत दोरा जात नाही. गिऱ्हाइकाची बाही वाकडी झाली तर तो क्लबला शिव्या देणारे का? मलाच देणार." म्हणून तुम्ही रात्री झोपायचात आणि सकाळी आठला, हडपसर गाडीतळाच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात शटर अर्धं ओढून रेकॉर्डिंग लावायचात. आम्ही सातआठ जण वाकून आत शिरायचो. ज्यांनी रात्रीच मॅच बघितली असेल तेही यायचे, पण निकाल बोलायचा नाही. मोबाइल बटणांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि झाकण लावायचं.

नुसतं तोंड बंद ठेवून भागत नसे. तुम्ही चेहरे वाचायचात. माप देताना कोण पोट आत ओढतोय हे तुम्हाला जसं न बघता कळायचं, तसंच. निल्या आयटी पार्कात नोकरीला, प्रत्येक मॅच रात्रीच बघणार, आणि त्याला काही लपवता येत नाही. तुम्ही त्याला इस्त्रीच्या टेबलामागे बसवायचात. "तू मागे बस रे बाबा. तुझ्या कपाळावर स्कोअर छापलेला असतो." माझ्याबद्दल मात्र एकदा म्हणालात, "हा इंजिनियर पोटात ठेवतो. ह्याच्याकडून काही काढायचं तर शिवण उसवावी लागेल." ते वाक्य मी फार दिवस जपलं. पुण्यात आल्यापासून मला कोणी फारसं कशात चांगला म्हटलेलं नव्हतं.

मी पहिल्यांदा आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. इंजिनियरिंगचं कॉलेज सुरू होणार होतं, लोणी काळभोरला, आणि बाबांची पँट मला कमरेत दोन इंच मोठी होती. तुम्ही माप घ्यायला टेप शोधत होतात. टेप तुमच्याच गळ्यात होती. मला मात्र आरशाशेजारी भिंतीवर खिळ्याला लावलेली दुसरी टेप दिसली आणि मदत करायची म्हणून मी तिकडे हात नेला.

"हात लावू नकोस!" तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की मी पँटसकट मागे सरकलो. "तो युरोप आहे."

शून्य जमिनीकडे, साठ वर छताकडे. मधे टाचण्यांनी लावलेल्या रंगीत चिंध्या, एकेक क्लबाच्या जर्सीच्या रंगाची. कोण किती उंचीवर आहे ते इंचांत. आपली हिरवी चिंधी एक्केचाळीसवर होती. मी घाबरलेला होतो, तरी तोंडातून निघून गेलं, "आपण एक्केचाळीसवर? निदान अठ्ठेचाळीस तरी पाहिजे ना."

"आपण?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "म्हणजे तू पण हिरवा?"

"हो."

"मग पँट उद्या ने. बाकीच्यांना चार दिवस लागतात."

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मुद्दा एकच. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला जून ते ऑगस्ट. त्या तीन महिन्यांत क्लब खेळाडू विकतात, नवे घेतात, आणि आम्हा पोरांना वाटतं की मोठा खेळाडू आला की आपण युरोपात चार इंच वर गेलो. मी वहीत आकडे लिहून आणायचो. कोणाचे किती गोल, कोणाचं वय काय, कोण किती पळतो. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात, तोंडात खडू धरून. मग खडू काढून म्हणायचात, "कापड आणलं म्हणजे सदरा झाला का? आधी कापू दे. शिवू दे. अंगात घालून बघू दे. मग हलवू टाचणी." तुमच्या टेपवर उन्हाळ्यात एकही चिंधी कधी हलली नाही. ती खेळून हलायची, खरेदीने नाही.

मागच्या उन्हाळ्याचं मी टाळणार होतो. पण ते टाळून तुमच्याबद्दल काय लिहू?

तो मोठा स्ट्रायकर आपल्याकडे येणार अशी दोन महिने हवा होती. रोज नवी बातमी. तपासणी झाली, विमानात बसला, उद्या सही. मी नवी जर्सी घेऊन तुमच्याकडे आलो, पाठीवर त्याचं नाव लावून द्या म्हणून. तुम्ही म्हणालात, "सही झाली?"

"उद्या होणारे, चाचा."

"मग उद्या ये. लग्न ठरलं नाही तोवर मी शेरवानी कापत नाही."

मला राग आला. मी दुसरीकडे जाऊन मशीनवर नाव छापून घेतलं. पिवळी अक्षरं, खांद्यापासून खांद्यापर्यंत. चार दिवसांनी त्याने सही केली, आपल्या कट्टर वैऱ्यांच्या क्लबात. आणि आपल्या क्लबाने काय केलं? वेगवान तरणा विंगर विकला आणि कुठल्याशा छोट्या क्लबातून एकतीस वर्षांचा मिडफिल्डर आणला. नंबर सोळा. त्याचं नाव आमच्यापैकी कोणीच ऐकलेलं नव्हतं. मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं की क्लबाने वृद्धाश्रम उघडलाय. त्यावर खूप जण हसले. तुम्ही फक्त एक अंगठा टाकलात. नंतर कळलं, तो चुकून पडला होता.

जर्सी घेऊन मी मान खाली घालून परत आलो. "चाचा, नाव काढून मिळेल?" तुम्ही जर्सी टेबलावर पसरलीत. कागद ठेवून गरम इस्त्री फिरवत अक्षरं एकेक सोलून काढलीत. पण छापाची सावली राहिलीच. दुसऱ्या दिवशी न्यायला आलो तर त्या सावलीवर तुम्ही हाताने शिवलेला आकडा होता. सोळा. टाके इतके बारीक की मशीनचे वाटावेत.

"हे मी सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

"डाग झाकायला काहीतरी लावावं लागतं."

"मी हे घालणार नाही."

"उलटी घाल."

मी खरंच उलटी घातली. पूर्ण सीझन. शिवण बाहेर, सोळा आत, माझ्या पाठीला चिकटून. आणि तो माणूस खेळत गेला, चाचा. पळायचा नाही फारसा. जिथे चेंडू येणार तिथे आधीच उभा असायचा. त्याने पास दिला की तुम्ही टीव्हीकडे बघायचाच नाहीत, माझ्याकडे बघायचात. मी म्हणायचो, "समोरचे चुकले म्हणून." तुम्ही म्हणायचात, "हो ना, दर आठवड्याला कोणी ना कोणी चुकतंच." एक्केचाळीसची चिंधी पंचेचाळीस झाली, पन्नास झाली, सेमीफायनल जिंकल्यावर तुम्ही स्टुलावर चढून ती सत्तावन्नवर लावलीत. उतरताना धाप लागली होती. आम्ही हसलो. "युरोप चढायला दम लागतो," असं तुम्हीच म्हणालात, म्हणून हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

फायनलच्या दोन दिवस आधी तुम्हाला छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं. शबानाताईंनी सांगितलं, भेटायला कोणी गर्दी करू नका, पण अब्बा म्हणतात इंजिनियरला रेकॉर्डिंग घेऊन पाठवा. आठ वाजता.

फायनल मी घरी चादरीखाली मोबाइलवर बघितली. बाबा पहिल्या पाळीला जाणार होते, म्हणून जिंकल्यावर मला ओरडताही आलं नाही. उशी चावली. पहिला गोल कॉर्नरवरून झाला. दुसरा अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, आणि तो सोळाने मारला. एकतीस वर्षांच्या, वृद्धाश्रमातल्या माणसाने. मी अंधारात जर्सी चाचपून सुलटी करून घातली. सकाळी मग आठवलं की तुम्ही चेहरे वाचता, तर जर्सी वाचायला कितीसा वेळ लागेल? पुन्हा उलटी केली आणि निघालो.

वॉर्डात शिरलो तेव्हा रात्रपाळीची सिस्टर निघत होती, केरळची, तुमच्याशी दोन दिवस फुटबॉलवर गप्पा मारणारी. जाताना तिने तुम्हाला अंगठा दाखवला. मला वाटलं, बीपी ठीक आहे. शबानाताई चहा प्यायला खाली गेल्या. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत.

"डोळे का लाल?"

"अभ्यास."

"परीक्षा संपली ना तुझी?"

"पुढच्या वर्षीचा."

"वा. इंजिनियर असे जागायला लागले तर पूल टिकतील पुण्यातले." मग एकदम गंभीर होऊन, "निकाल सांगू नकोस हां."

"नाही चाचा."

मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून आपण बघायला लागलो. विसाव्या मिनिटाला आपल्यावर गोल झाला. मी तोंड पाडलं. खरं तर ते पाडायला मला फार मेहनत पडली. तुम्ही विचारलंत, "आता? आता काय म्हणतोस सोळाबद्दल?"

इथे मी अडकलो. आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणायचं होतं की चाचा, तुम्ही बरोबर होतात, मी चुकलो. पण ते म्हटलं असतं तर तुम्हाला निकाल कळला असता. शून्य-एक असताना मी हार मानतोय म्हणजे पुढे काय होणार हे तुम्ही माझ्या तोंडावरून लगेच वाचलं असतं. म्हणून मी भांडत राहिलो.

"दम लागलाय त्याला. साठाव्या मिनिटाला बाहेर काढतील बघा."

"गोल नाही मारणार?"

"तो? गोल?"

"नक्की?"

"नक्की."

"मग लिहून दे."

औषधाच्या चिठ्ठीच्या मागे मी लिहिलं, 'सोळा नंबर आज गोल मारणार नाही.' तुम्ही म्हणालात, सही. मी सही केली. तुम्ही ती चिठ्ठी दोनदा वाचलीत, घडी घालून कुर्त्याच्या खिशात ठेवलीत आणि उशीवर टेकून हसलात. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटतंय.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला डॉक्टरांचा राउंड आला. मग तुम्हाला तपासणीला न्यायला माणसं आली. स्ट्रेचरवरून तुम्ही मान वळवून म्हणालात, "उरलेलं दुपारी बघू. आणि लक्षात ठेव, सांगायचं नाही."

दुपार झालीच नाही.

घरी येऊन मी कोपऱ्यात बसलो. बाबा पाळीवरून आले. त्यांच्या बोलण्यात अजून यवतमाळ आहे. म्हणाले, "कोण वारलं बे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ज्यानं माह्या पँटची चेन फुकट बदलून देल्ली, तोच न? मंग इथं काहून बसून राह्यला? जाय. खांदा दे." मी दिला. कबरस्तानात माती टाकली. निल्या शेजारी उभा होता आणि त्याच्या तोंडावर तेव्हाही सगळं लिहिलेलं होतं. माझ्या तोंडावर काही नव्हतं. पोटात होतं.

त्यानंतर रोज मी तेच धरून बसलो. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो चषक आला आणि ते न कळताच तुम्ही गेलात. एक वाक्य बोलायचं होतं मला. एक नाही, दोन. आपण जिंकलो, आणि तुम्ही बरोबर होतात. नियम पाळल्याचं कौतुक कसलं? माणूस हातातून चाललाय हे मला दिसलं नाही, मी स्कोअर राखत बसलो.

तरी हेही सांगतो, चाचा. हडपसरात आपले लोक सध्या रस्त्याच्या मधून चालतात. निल्याने ऑफिसात डेस्कवर हिरवा रुमाल पसरलाय आणि वरिष्ठ त्यावर चहा ठेवायला घाबरतात. कट्टर वैऱ्यांचे जे लोक आपल्याला 'एक्केचाळीस इंची' म्हणायचे ते गल्लीच बदलून जातात. त्यांचा तो मोठा स्ट्रायकर अर्धा सीझन बाकावर बसला होता. आणि आता पुन्हा तिकडचा उन्हाळा आहे. बातम्या सुरू झाल्यात की सोळाचं वय झालं, आता विकावा आणि कुणी मोठा घ्यावा. ग्रुपवर भांडणं लागली आहेत. परवा एकाने लिहिलं की नवीन विंगर आला तर पुढची पाच वर्षं युरोप आपलाच. मी उत्तर दिलं, "कापड आणलं म्हणजे सदरा झाला का?" कोणी हसलं नाही.

आता शेवटची बातमी. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. निकाल आधी सांगायचा नाही.

गुरुवारी शबानाताईंचा फोन आला. दुकान दोन तास उघडतेय, ज्यांचे कपडे शिवून पडलेत त्यांनी घेऊन जा. तुझा शर्ट आहे, मुलाखतीचा. मी जर्सी सुलटी घालून गेलो. तुमच्या दुकानात पहिल्यांदाच सोळा बाहेर ठेवून शिरलो. ठरवलं होतं की टेपकडे बघायचं नाही. चिंधी सत्तावन्नवर असणार, आणि ती हलवायचा हक्क तुमच्याशिवाय कोणाला?

बघितलंच. हिरवी चिंधी साठवर होती. तिच्या वर फक्त खिळा. आणि त्याच टाचणीला, चिंधीखाली, एक घडी पडलेली चिठ्ठी टोचलेली. माझं अक्षर. माझी सही.

"हे कोणी लावलं?" मी विचारलं.

"अम्मीला विचार," शबानाताई म्हणाल्या आणि मागे घरात जाणाऱ्या आतल्या दाराच्या पडद्याकडे बोट केलं. चाची इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस त्या बाहेरच्या माणसांसमोर येत नाहीत. पडद्यामागून आवाज आला, "इंजिनियर आला का? बस बेटा. चिठ्ठी मी नंतर लावली, त्यांच्या कुर्त्यात सापडली. चिंधी तर त्याच दिवशी सकाळी लावली."

"कोणत्या दिवशी?"

"मॅचच्या. पहाटे फजरची अजान झाली आणि दवाखान्यातून ह्यांचा फोन. माझा तर जीवच गेला. तर म्हणतात, ऊठ, स्टूल घे, हिरवी साठवर लाव. ती केरळची सिस्टर बीपी बघायला आली आणि सांगून गेली. तिला बिचारीला काय माहीत ह्यांचा नियम. म्हणाले, दोन-एक, आणि दुसरा सोळानेच मारला."

मी विचारलं, "पण चाची, आठ वाजता माझ्यासोबत रेकॉर्डिंग बघत होते. मला म्हणाले, सांगू नकोस."

पडद्यामागे चाची हसल्या.

"ते तर मला फोनवरच म्हणाले होते. पोरगा येईल, त्याला सगळं माहीत असेल, आणि तो मला सांगणार नाही. वर्षभर सोळाला नावं ठेवतोय. आज त्याच्याकडून लिहूनच घेतो."